तलावातल्या दोन फेऱ्या

३ जून २०२४

ओत्तो,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. पत्ता शेजारच्या आरांकाकडून लिहून घेतला, तुझं नाव न सांगता, नुसता रस्ता नि घर क्रमांक. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच परत पाठवशील ही भीती होती. बाबा गेल्याचं कळवलं तेव्हा तू तसंच केलं होतंस. आरांकाला वाटतंय, मी या वयात स्वीडनमधला कुणी म्हातारा गाठलाय. वाटू दे.

आधी कामाचं. गाव विल्मोशला मानद नागरिक करतंय. वीस ऑगस्टला, नव्या गव्हाच्या पावाच्या सणाला. आणि आपल्या तलावाला त्याचं नाव देणार आहेत. दारावर पितळेची अक्षरं बसवायची ठरलंय, 'सिराकी विल्मोश जलतरण तलाव'. त्याची चित्रं पेपरात येत असतात, तिकडेही कधी आली असतील. व्हिएन्नाचं पदक, मग आणखी दोन, मग चोवीस वर्षं संसदेत, त्यातली चार वर्षं खेळांचा राज्यमंत्री. दोनदा पक्ष बदलला, पण हात मारायची पद्धत बदलली नाही, असं बाजारात म्हणतात. आपल्या गावाची गाडी बंद करायच्या ठरावाला त्यानेच मत दिलं. बाबांच्या स्टेशनात आता टायरचं दुकान आहे. तरीही गाव त्याच्यावर खूश आहे. तलावावर छप्पर त्यानेच आणलं, आता हिवाळ्यातही पोहता येतं.

तू म्हणशील, मग मी काय करू? ऐक तर.

आपल्या गावची रीत तुला आठवते ना? मानद नागरिकाने कागद हातात घेण्याआधी आपलं काम चारचौघांत करून दाखवायचं. पाववाल्याने चर्चसमोर पीठ मळलं होतं आणि आपण दोघं त्याच्या नाकावरच्या घामाच्या थेंबाकडे बघत बसलो होतो, पडतो की नाही म्हणून. तर विल्मोशने पोहायचं. तीसच्या तीस फेऱ्या, पूर्ण दीड हजार मीटर. एक्काहत्तर वर्षांचा आहे, एक गुडघा बदललेला. आणि मोजणारा माणूस पोहणाऱ्यानेच निवडायचा, हा नियम आजही तसाच आहे.

परवा नगराध्यक्षा माझ्याकडे आली. बेर्नादेत तिचं नाव. तिला पोहायला मीच शिकवलं. या तलावावर अडतीस वर्षं शिकवलं मी, ओत्तो. गावातली निम्मी माणसं माझ्या हाताखालून गेली, उरलेली बुडाली नाहीत हे त्यांचं नशीब.

"हेडीमावशी, विल्मोशकाकांनी तुमचं नाव दिलंय," ती म्हणाली.

"कशाला?"

"मोजायला."

"मला दिसत नाही म्हणून सांग त्याला."

"मावशी, काल रस्त्याच्या पलीकडून तुम्ही माझा फाटका मोजा पाहिलात आणि ओरडून सांगितलंत."

"मोजा वेगळा. तो हळूहळू चालत होता."

ती हसली, मग खुर्ची जवळ ओढली. म्हणाली, "मला माहीत आहे मावशी. आजीनं सांगितलंय. पण पन्नास वर्षं झाली. आता कोण काढतंय ते?"

कुणी काढत नाही हे खरं आहे. पण मी बेकरीत शिरले की कुणी ना कुणी माझी मोजणी तपासावी तसं घड्याळाकडे बघतं. पन्नास वर्षं बघतंय.

ती चूक होती, ओत्तो. मी तेव्हाही सांगितलं होतं, आताही तेच सांगते. व्हिएन्नाला कोण जाणार ते ठरवणाऱ्या त्या शर्यतीत तुझ्या फेऱ्या मी मोजत होते; आकड्यांच्या पत्र्याच्या पाट्या ओल्या झाल्या होत्या. तू माझ्या बाजूच्या भिंतीशी आलास की तितकी झालेली फेरी दाखवायची, पंचवीस, सत्तावीस, आणि एकोणतीसच्या पाटीसोबत घंटा, म्हणजे आता परतीची एकच उरली. सत्ताविसाव्याला दोन पाट्या एकमेकींना चिकटून एकदम उलटल्या. एकोणतीस वर आली, माझा दुसरा हात सवयीने घंटेवर गेला. तू होतं नव्हतं ते सगळं त्या एका फेरीत ओतलंस, पलीकडच्या भिंतीला हात लावलास, टोपी काढलीस आणि हात वर केलास. अठ्ठावीसच झाल्या होत्या.

मी बेर्नादेतला अजून उत्तर दिलेलं नाही. नाही म्हणणार आहे. पण तुला न विचारता नाही म्हणणंही बरं दिसेना.

हेडी

१९ जून २०२४

ओत्तो,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी पोस्टमन आला की मी अंगणात असते, आणि तो लांबूनच हात हलवून 'नाही' म्हणतो. आता त्यालाही आरांकाने काहीतरी सांगितलेलं दिसतंय.

आंबट चेरी पिकल्यात. आईचं झाड अजून उभं आहे, एका बाजूला टेकू दिलाय. रविवारी मी शिडीवर होते आणि फाटकातून विल्मोश आत आला. एकटाच. गाडी चर्चपाशी ठेवून चालत आला होता. शिडी धरून उभा राहिला.

"उतर, हेडी. पडशील."

"तू सोडलीस तर पडेन. नुसता उभा राहू नकोस, बादली धर."

मंत्री होऊन गेलेला माणूस, पांढरा शर्ट, आणि अर्धा तास चेरीची बादली धरून उभा. शर्टावर डाग पडले. म्हणाला, बायको असती तर ओरडली असती. ती चार वर्षांपूर्वी गेली. मग आम्ही स्वयंपाकघरात बसून चेरीच्या बिया काढल्या. तुला ते आईचं केसांच्या पिनेनं बी काढायचं तंत्र आठवतं? त्याला मी शिकवलं. जमलं नाही. पाण्याबाहेर त्याचे हात पूर्वीपासून तसेच आहेत.

मी विचारलं, "माझंच नाव का दिलंस?"

त्याने हातातली चेरी बशीत ठेवली. मग म्हणाला, "हेडी, त्या दिवशी मी मोजत होतो."

"तुझ्यासाठी प्रशिक्षक मोजत होते."

"ते पाटी दाखवत होते. मोजत मीही होतो. मी नेहमी मोजतो, कुणावर टाकत नाही. ओत्तो दोन हात पुढे होता. तुझी घंटा वाजली तेव्हा मला माहीत होतं, सत्तावीस झाल्यात. मला वाटलं, त्यालाही माहीत असेल. मग त्याने जोर लावला आणि मला कळलं, त्याला माहीत नाही."

"पुढे?"

"पुढे काही नाही. मी पोहत राहिलो."

ओत्तो, तुला हे ठाऊक नाही. तू निघून गेला होतास, ओल्या अंगाने, टॉवेलसुद्धा न घेता. शर्यतीनंतर पंचांनी विल्मोशला बोलावलं होतं. त्यांनी त्याला एकच प्रश्न विचारला, घंटा कधी वाजली? सत्ताविसाव्याला वाजली, असं तो म्हणाला असता, तर माझ्या सांगण्याला साक्षीदार मिळाला असता आणि शर्यत दुसऱ्या दिवशी पुन्हा झाली असती. ताज्या दमाने तू त्याला दहापैकी आठ वेळा हरवत होतास. त्याने सांगितलं, पाण्यात काही ऐकू येत नाही. मग पंचांनी नियम वाचून दाखवला. पोहणाऱ्यांपैकी कुणी साक्ष देत नसेल, तर मोजणारा तुम्हीच निवडलेला, त्याची चूक ती तुमची चूक. विल्मोश व्हिएन्नाला गेला आणि तू बाबांच्या मालधक्क्यावर पोती मोजायला.

"पन्नास वर्षं मी भाषणं केली," विल्मोश म्हणाला, "आणि सगळीकडे लोक मला 'त्या शर्यतीबद्दल सांगा' म्हणाले. मी प्रत्येक वेळी सांगितलं. दरवेळी जरा जास्त रंगवून सांगितलं."

मी त्याला पालिंका दिली, आलुबुखारची कडक दारू, आरांकाच्या भावाकडची. त्याने एका घोटात संपवली, मग विचारलं, "आणि तू? तू का वाजवलीस?"

मी म्हटलं, "पाट्या चिकटल्या."

"बरं," तो म्हणाला आणि पिन घेऊन पुन्हा चेरीकडे वळला.

मी त्याला हो म्हटलंय. मी मोजणार आहे. तुला राग येईल. येऊ दे. राग आला तर निदान लिहिशील तरी.

आणखी एक, म्हणजे ते बोलून टाकलेलं बरं. माझं विल्मोशवर प्रेम होतं म्हणून मी घंटा वाजवली असं गाव म्हणायचं आणि तूही तेच मानत होतास. अरे, त्याचे कान पाहिले होतेस का तेव्हा? तरी खरं सांगायचं तर पंच्याहत्तर साली त्याने मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं. होय म्हणावंसं वाटत होतं. पण होय म्हटलं असतं तर तू जे मानत होतास ते खरं ठरलं असतं.

हेडी

८ जुलै २०२४

ओत्तो,

तुझं कार्ड आलं. समोर गोटेबोर्गचं बंदर, मागे एक ओळ.

'चुकून की मुद्दाम? एवढंच लिही.'

सही नाही. पण तुझा 'म' अजून तसाच आहे, शेपटी खाली ओढलेला. आईने त्याबद्दल तुझे कान पिळले होते. मी ते कार्ड तीन दिवस साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलं होतं. आरांकाने विचारलं, "काय म्हणतो तुझा म्हातारा?" मी म्हटलं, "हिशोबाचं विचारतोय." म्हणाली, "सगळे सारखेच."

हाच प्रश्न तू मला एकदा विचारला होतास. त्याच आठवड्यात, जेवणाच्या टेबलावर, आईबाबांसमोर. माशाचा रस्सा होता. मी म्हटलं, चुकून. तू चमचा खाली ठेवलास. त्यानंतर दोन वर्षं आपण एका घरात राहिलो आणि तू माझ्याकडे मीठसुद्धा मागितलं नाहीस. मग शहात्तर साली सहलीच्या नावाखाली युगोस्लाव्हियाला गेलास आणि तिथून सीमा ओलांडून पश्चिमेत.

मुद्दाम, ओत्तो.

पाट्या चिकटल्या नव्हत्या. कोरड्या होत्या. मी त्या दर वेळी झग्याला पुसत होते, तू पाहिलं होतंस.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आपण तिसा नदीच्या बांधावर बसलो होतो. तू मला सांगितलंस, व्हिएन्नाहून मी परत येणार नाही. कुणाला सांगू नकोस म्हणालास. मी म्हटलं, बाबांची लाल टोपी जाईल, स्टेशनमास्तरचा मुलगा पश्चिमेत पळाला तर सरकार त्यांना नोकरीवर ठेवेल का? तू म्हणालास, बाबांचं मला माहीत आहे. मी म्हटलं, आईच्या छातीत दुखतं. तू म्हणालास, आईचंही माहीत आहे. सगळ्याचा विचार करून झाला होता तुझा. मग उठलास, पँट झटकलीस आणि म्हणालास, "उद्या तूच मोज. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही."

पुढची पन्नास वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी बाबांसाठी केलं, आईसाठी केलं. छान कारण होतं. कधी कुणाला सांगायची वेळ आली असती तर लोकांनी मला जवळही घेतलं असतं. पण तू विचारलंयस तर तेही खरं लिहायला हवं. सत्ताविसाव्याला तू माझ्या दिशेने येत होतास, दोन हात पुढे, आणि मला आईही आठवली नाही नि बाबाही नाहीत. तू बांधावर सगळ्यांचा विचार केला होतास, बाबांचा, आईचा, कुत्र्याचासुद्धा. माझं नाव काढलं नाहीस. मी वीस वर्षांची होते आणि तू मला मागे सोडून चालला होतास, आणि मला सोबत नेण्याचं तुझ्या मनातही आलं नव्हतं. मी घंटा उचलली. एवढंच होतं ते. मत्सर म्हण, लोभ म्हण, काय म्हणायचं ते म्हण. माझा भाऊ मला घरात हवा होता.

आणि देवाने मला जे हवं होतं ते दिलं. दोन वर्षं तू घरात होतास.

तू भिंतीला हात लावून टोपी काढलीस तेव्हा लोक हसले. तूही हसलास आधी, जिंकल्यासारखा. मग बाजूने विल्मोश वळून गेला आणि तू पाण्यातून मान वर करून बघितलंस, प्रशिक्षकांकडे नाही, पंचांकडे नाही, पन्नास मीटर पलीकडे माझ्याकडे. मी घंटा पाठीमागे लपवली. लहान पोरगी फोडलेला पेला लपवते तशी. तुला तेव्हाच कळलं असणार. मग पन्नास वर्षांनी पुन्हा का विचारलंस? माझ्या तोंडून ऐकायचं होतं म्हणून?

उरलेल्या दोन फेऱ्या तू पोहला नाहीस. प्रशिक्षक काठावरून ओरडत होते, "पोह गाढवा, तिसरा तरी येशील!" तू बाहेर आलास आणि निघून गेलास.

बाबांची टोपी शहात्तरला गेलीच. आई एक्क्याऐंशीला गेली, तुला येता आलं नाही. म्हणजे मी जे जे वाचवलं असं म्हणत होते त्यातलं काहीच वाचलं नाही. आता वाचवायला काही उरलं नाही म्हणून मी खरं बोलतेय असं म्हणशील. तसंही असेल.

क्षमा कर, असं लिहिणार होते. पण शब्द फार छोटा पडतोय. तरी लिहिते. क्षमा कर.

हेडविग

२१ ऑगस्ट २०२४

ओत्तो,

तुझ्याकडून काही नाही. सहा आठवडे झाले. पोस्टमन आता माझ्या फाटकाशी आला की वेग वाढवतो.

कालचं तुला सांगायलाच हवं. तू वाचशील की चुलीत टाकशील, ते तुझं तू बघ.

अख्खं गाव तलावावर. बाहेर तळलेल्या लांगोश-पुऱ्यांसाठी रांग, लसणाचा वास थेट पाण्यापर्यंत. बँड आला होता. दारावरच्या पितळी अक्षरांवर तिरंगी कापड, त्याला दोरी, म्हणजे बेर्नादेतने ओढली की नाव उघडं. टेबलावर नवा पाव, फीत बांधलेला. तुझी जुनी चौथी लेन. विल्मोश टॉवेल काढून उभा राहिला तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. पोट सुटलंय, पण खांदे अजून आहेत. मी पलीकडच्या भिंतीशी खुर्चीवर. हातात पाट्या, मांडीवर घंटा. तीच घंटा, ओत्तो. क्लबच्या कपाटात पडली होती.

आरांका मागून म्हणाली, "नीट मोज गं बाई या खेपेला." आजूबाजूचे हसले. मी वळून पाहिलं नाही.

तो सावकाश पोहला. दहाव्या फेरीपर्यंत लोक मोठ्याने मोजत होते, मग कंटाळले, लांगोश आणायला गेले, परत आले. विसाव्याला त्याचा श्वास मला ऐकू यायला लागला. मी खुर्ची सोडून काठाशी गुडघे टेकले. दर वेळी पाटी दाखवली, बरोबर पाटी. एकवीस. तेवीस. पंचवीस.

मी ठरवलं होतं, घंटा एकोणतिसाव्याला वाजवायची. आयुष्यात एकदा तरी बरोबर वाजवायची. मग बोलायला उभं राहायचं आणि सांगायचं.

सत्ताविसाव्याला तो भिंतीशी आला आणि वळला नाही. भिंत धरून थांबला. मला वाटलं, छातीत कळ आली. मी वाकले. त्याने चष्मा वर केला आणि म्हणाला, "वाजव, हेडी."

"सत्तावीसच झाल्यात."

"माहीत आहे मला. मी मोजतोय. वाजव."

मला कळलं तो काय करणार आहे. मी म्हटलं, "विल्मोश, नको. तुझा दिवस आहे."

"माझे दिवस पुष्कळ झाले. वाजव, थंडी वाजतेय मला."

मी वाजवली. छपरामुळे आवाज फार मोठा झाला, लोक खायचे थांबले. ज्यांचं तेवढं वय होतं त्यांना लगेच कळलं. मी त्यांच्याकडे बघत होते. बेकरीतल्या म्हाताऱ्याने टोपी काढली. विल्मोश जोर लावून पोहत गेला, आहे तेवढा जोर, पलीकडच्या भिंतीला हात लावला, डोक्यावरची टोपी काढली आणि हात वर केला. नेमका तुझ्यासारखा. मग शिडीने वर आला.

बेर्नादेत माइकवरून म्हणाली, "विल्मोशकाका, अजून दोन फेऱ्या राहिल्या!"

त्याने माइक घेतला. अंगावरून पाणी गळत होतं. मी त्याची भाषणं टीव्हीवर ऐकली आहेत, तो फार छान बोलतो. काल छान बोलला नाही.

"या लेनमधल्या दोन फेऱ्या माझ्या नाहीत," तो म्हणाला. "बाकोश ओत्तोच्या आहेत. मला पंचांनी विचारलं होतं. मी खोटं बोललो. मी घंटा ऐकली होती." मग तोंडावरचं पाणी पुसून, "तुम्ही मला नागरिक करा, नका करू, ते तुम्ही ठरवा. पण त्या दारावर माझं नाव लावू नका. मी तीच विनंती करायला आलोय."

कुणी टाळी वाजवली नाही. कुणीतरी म्हणालं, "आता सुचलं होय?" ते बरोबरच होतं.

मग मी उठले. एवढ्या लांबून कुणाला ऐकू गेलं नसतं, म्हणून काठाने चालत गेले. पन्नास मीटर. चप्पल चपचप वाजत होती. माइक घेतला आणि म्हटलं, "त्याने खोटं सांगितलं, पण घंटा मी वाजवली. पाट्या चिकटल्या नव्हत्या. मी माझ्या भावाला मुद्दाम हरवलं, कारण तो मला सोडून चालला होता. तुम्ही पन्नास वर्षं माझ्या तोंडावर विचारलं नाहीत हे तुमचे उपकार. आता विचारायची गरज नाही."

बँडवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने वाजवायला सुरुवात केली आणि मग थांबला.

बेर्नादेतने दोरी ओढली नाही. पोरगी शहाणी आहे. तिने पाव कापला. गावात रीत आहे ना, पहिला तुकडा मानद नागरिकाला. तिने तो विल्मोशला दिला. म्हणजे नागरिक झाला तो, कागद मागाहून मिळेल. दुसरा तुकडा तिने मला आणून दिला. मी त्यातला अर्धा तुझ्यासाठी ठेवला. आरांका शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे स्वीडनमध्ये म्हातारा नाहीच." मी म्हटलं, "आहे गं. भाऊ आहे." तिने माझा हात धरला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही.

आज सकाळी दारावरची अक्षरं काढली. भोकं राहिलीत.

तुझा पावाचा तुकडा मी कापडात बांधून ठेवलाय. वाळून जाईल, माहीत आहे.

हेडी

६ सप्टेंबर २०२४

ओत्तो,

आज पोस्टमन फाटकाशी थांबला. लांबूनच तोंडभर हसत होता.

तुझं दुसरं कार्ड. तेच बंदर. बहुतेक त्या दुकानात एकच प्रकार मिळतो. मागे एक ओळ.

'चौथ्या लेनचं पाणी किती अंशावर असतं?'

मी सरळ तलावावर गेले. चपला घालायचं राहिलं, आरांकाने मागून आणून दिल्या. पहारेकऱ्याला म्हटलं, तापमान बघ. तो म्हणाला, फळ्यावर लिहिलंय ना मावशी. मी म्हटलं, फळ्यावरचं नको, हात घालून बघ. मग मीच घातला.

सव्वीस. तुला थंड आवडायचं, मी सांगितलंय, तू येशील त्या दिवशी ते पंचविसावर आणतील. सकाळी सात ते आठ तलावात कुणी नसतं. विल्मोशला सांगितलं तर तो काठावर बसेन म्हणतो. तुला नको असेल तर नाही बसणार. त्याला हाकलायला मी समर्थ आहे.

पाटी एकच लागेल, एकोणतीसची. मी ती पुसून ठेवली आहे. घंटा वाजवायची की नाही ते तू पाण्यात उतरल्यावर सांग. तू म्हणशील तेव्हाच वाजवीन.

ये. दोनच तर राहिल्यात.

तुझी
हेडी